बिलाच्या तबकडीचं नावडतं मत

मी एक जुनी पितळी तबकडी आहे. मित्रांनो, हॉटेलात जेवण आटोपल्यावर बिल जिच्यात घालून आणतात ना, तीच मी! आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मला आता दम निघत नाही: ज्या टिपेसाठी माझा जन्म झाला, ती टीप मला मुळीच आवडत नाही. हे ऐकून फडताळातल्या बशांनी माझ्याशी अबोला धरला होता. धरू देत!

एका तांबटाने मला घडवलं. माझा काठ त्याने ठोकून ठोकून असा वळवला, की नाण्याची घरंगळून पडायची बिशादच नाही. हॉटेलात आले त्या दिवशी मालकीणबाईंनी मला खिडकीशी नेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "काय झोकदार आहे!" मी अशी फुगले म्हणून सांगू! मग सुरू झाली धावपळ. बिल न्यायचं, पैसे आणायचे, उरलेली मोड घेऊन परत जायचं. ती मोड तशीच ठेवून माणसं उठली, की ती टीप.

बिल ठेवल्यावर वेटरने पाठ फिरवून उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. पण पाठ फिरवलेले वेटर समोरच्या आरशात मलाच बघत असत. गिऱ्हाईक उठलं की त्यांनी आधी माझ्यात डोकावायचं, मग "पुन्हा या" म्हणायचं. किती जोरात म्हणायचं, ते माझ्यात काय पडलंय त्यावर! गिऱ्हाइकांचं तरी काय? नाणं टाकायचं आणि मान वर न करता चालू लागायचं. झालं, उपकार फिटले. मला भारी राग यायचा.

माझी खरी मैत्रीण म्हणजे मोरीतली मावशी. हॉटेलातली सगळी भांडी तीच घासायची, आणि दुपारची गर्दी ओसरली की लिंबाच्या सालीने मलाही लख्ख करायची. टेबलावर लोक म्हणायचे, "काय चकचकीत ताटं आहेत हो!" आणि टीप जायची वेटरच्या खिशात. एकदा मावशीने त्यात वाटा मागितला. तेव्हा सगळ्यांत जुना वेटर, ज्याला सारे दादा म्हणतात, तो म्हणाला, "मावशी, आमची टेबलं ठरलेली आहेत. ज्याचं टेबल, त्याची टीप." मावशी मोरीत परतली. मला घासता घासता दादाला ऐकू जाईल एवढ्याने पुटपुटली, "हा महिना भरला की बास. दुसरीकडे काम बघायचं." ती गेली तर माझं काय?

आता ऐका हं, खरी गंमत पुढेच आहे! आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्याला जेवायला यायचे. टीप कधीच द्यायचे नाहीत, म्हणून वेटरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं कोरडेकाका. अशा गिऱ्हाइकांना मुद्दाम मोरीच्या दाराजवळचं डुगडुगतं टेबल द्यायचं, ही वेटरांची शिक्षा. आणि तिथेच त्यांचं गणित चुकलं! त्या टेबलावरून मोरीतलं सगळं दिसतं. कोरडेकाका दर आठवड्याला जेवताना मावशीची वाकलेली पाठ बघत होते.

एका दुपारी हॉटेल गच्च भरलेलं असताना त्यांनी मालकीणबाईंना बोलावलं.

"तुम्ही टीप बंद करा," काका म्हणाले. "या बाईंना त्यातलं काय मिळतं? सगळ्यांना नीट पगार द्या आणि तो आमच्या बिलात धरा. मी इथे जेवायला येतो, बक्षिसं वाटायला नाही."

"कंजूष कुठला!" कुणीतरी मागून ओरडलं. दादाचा तर पारा चढला. "वा काका! तत्त्व तुमचं आणि उपास आमच्या पोरांना? पगार वाढेपर्यंत आम्ही खायचं काय?"

मी हबकलेच. दादाचंही खरंच होतं की!

तेवढ्यात मावशी ओले हात पुसत दारात आली. "तुमचं भांडण चालू द्या," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, मी कुठल्या टेबलाची?"

आचाऱ्याने झारा खाली ठेवला. दादा पायाकडे बघू लागला. मालकीणबाई मावशीकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून टीप बंद. दर वाढतील, आणि आतल्या-बाहेरच्या सगळ्यांचा पगार वाढेल."

"हॉटेल बुडेल, बाई," दादा म्हणाला.

"बुडलं तर सगळे मिळून बुडू."

मित्रांनो, गिऱ्हाइकं खरंच रोडावली. सगळ्यांचे चेहरे उतरले. वाढलेले दर बघून सगळ्यांत आधी कोण ओरडलं असेल? कोरडेकाका! "सूप एवढं महाग?" दादा शांतपणे म्हणाला, "काका, तुमचंच मत गरम करून आणलंय. सावकाश प्या." काका आधी लाल झाले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. बिल मात्र त्यांनी मुकाट्याने भरलं. हळूहळू माणसं परत येऊ लागली.

असं माझं मत जिंकलं आणि माझीच नोकरी गेली! दादा आता बिल हातातच देतो. मी भंगारात जाणार होते, पण मावशीने मला मोरीत नेलं आणि माझ्यात साबण ठेवला. मी थोडी काळवंडले आहे, काठाला पोचाही आला आहे. वाईट वाटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू?

पण काल काय झालं, सांगते. नेहमी येणाऱ्या एक बाई जेवून उठल्या. सवयीने पर्स उघडली, मग मिटली. काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या सरळ मोरीच्या दारात आल्या. "मावशी, ताटं तुम्ही घासता का हो? किती स्वच्छ असतात! मी कधी म्हटलंच नाही तुम्हाला."

"हो, मीच," एवढंच मावशी म्हणाली. बाई गेल्यावर तिने नळ सोडला आणि घासायला एकही भांडं नसताना कितीतरी वेळ पाण्याखाली हात धरून उभी राहिली. दादाने आत डोकावून विचारलं, "मावशी, उद्या येणार ना?"

"न यायला काय झालं?" ती म्हणाली.

मित्रांनो, नाणं द्या किंवा नका देऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण समोर ताट आलं की एकदा मान वर करून बघा, आणि आतलं दार उघडं दिसलं तर तिथेही एक हाक मारा.