खाली धरणारी

“धाकटीने उडायचं, लोकांनी टाळ्या पिटायच्या, आणि ब्रश कोणी धुवायचे? मी.”

मोठी हे पुटपुटली ते माझ्या अगदी कानाशी. मला कान नाहीत म्हणा, पण मागच्या खोलीत माझ्याच खालच्या पायरीला पाठ टेकून ती रॉकेलच्या डब्यात ब्रश खळबळवत होती. तिचं बोलणं माझ्या लाकडात उतरलं. मला फार बरं वाटलं. जळणारं कोणी सोबतीला असलं की बरंच वाटतं.

मित्रांनो, मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या घरातली जुनी शिडी. मुलींच्या आजोबांनी मला करवून घेतलं तेव्हा एकेक पायरी वाकवून पाहिली. सुतार वैतागून म्हणाला, “शिडी करताय की जावई बघताय?” पण आजोबांचं वजन मी जन्मभर पेललं. या गावातली कुठलीही जुनी पाटी बघा, तिच्या खाली भिंतीवर माझ्या टोकांचे दोन ओरखडे सापडतील. लोक म्हणायचे, काय अक्षर आहे, आणि आजोबा मला थोपटायचे. आजोबांमागे त्यांची लेक, म्हणजे या मुलींची आई, माझ्यावर चढायची. पुढे तिचा गुडघा गेला.

आमच्या गावात मुलांना दुधाचे दात पडता पडता एखादी करामत येते. दूधवाल्या काकूंच्या मुलीने नुसतं डोळे वटारून पाहिलं की उतू जाणारं दूध खाली बसतं. शिंप्याची पोर हात न लावता सुई ओवते. आणि रीत अशी, की करामत आली की मगच घरचं हत्यार मुलाच्या हाती द्यायचं. मोठीचे सगळे दात पडले, नवे आले, करामत काही आली नाही. ती मला धरून उभी राहायची, दोरीला खडू लावून रेघा पाडायची आणि ब्रश धुवायची. धुतलेला ब्रश पाण्यात बुडवून ती मागच्या खोलीच्या फरशीवर अक्षरं काढायची. आई येईपर्यंत ती वाळून जायची. ती फक्त मी पाहिली आहेत.

“येईल हो करामत,” लोक म्हणायचे. सगळ्यांच्या आधी आई म्हणायची.

मग एका सकाळी धाकटी मोजा शोधता शोधता उचलली गेली ती थेट माळ्यापर्यंत. तरंगायची करामत. पाट्या रंगवणाऱ्या घरात आणखी काय हवं? आजोबांचा ब्रश तिच्या हाती गेला आणि मी मागच्या खोलीत. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. ज्या पायऱ्यांवरून गावभर अक्षरं उमटली, त्यांवर ओले टॉवेल. मला धाकटीचा इतका राग यायचा, की ती खोलीत आली तर मी मुद्दाम करकरायचे.

तर त्या दिवशी मोठी ब्रश धूत बसली असतानाच घड्याळजी दारात आला. धाकटीने आदल्या दिवशी त्याच्या नव्या दुकानाची पाटी रंगवली होती. “पोरगी गोड आहे,” तो चाचरत म्हणाला. “पाटी... म्हणजे छानच. पण उद्या दुकान उघडतोय. एकदा बघून जाता का?”

मोठीने मला खांद्यावर घेतलं; आई आणि धाकटीही निघाल्या.

पाटी मी पाहिली. अक्षरं रांगेत निघून हळूहळू डोंगर चढत होती आणि शेवटचं तर दाराच्या कोपऱ्यातून पळून जाऊ पाहत होतं. धाकटी वर तरंगली, ब्रश टेकवला आणि मागे सरकली. जोर लावला तर आणखी मागे.

“आई, भिंत मला ढकलते,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

“वारा आहे गं,” आई म्हणाली. समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

घड्याळजी आपले बूट निरखू लागला. आईने गुडघ्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मग मोठीकडे, आणि पुन्हा गुडघ्याकडे.

“दे इकडे,” मोठी म्हणाली. धाकटीने खाली येऊन ब्रश दिला.  आईने वाकून माझे पाय धरले.

मोठी चढली. मित्रांनो, पाय टेकायची ती तऱ्हा मला ओळखीची होती. आजोबाही असंच आधी टाच दाबून बघायचे. तिने वाकडं अक्षर पुसलं, हात डळमळू नये म्हणून खाली काठी धरली, आणि श्वास रोखून एक रेघ ओढली. सरळ. धाकटी रंगाचा डबा घेऊन शेजारी तरंगत राहिली. वाहून जाऊ नये म्हणून तिने माझी वरची पायरी घट्ट धरली होती. तो चिकट, छोटा हात लागला आणि माझा राग जरासा विरघळला. सगळा नाही.

तुमच्या घरी शिडी असेल तर तिला ओलीत उभी करू नका, वर्षाकाठी तेलाचा हात फिरवा. आणि वर पोचलात की खाली कोण धरून उभं आहे, ते एकदा वाकून बघा. टॉवेलांचं मी वेगळं सांगत नाही.

एवढ्यात दूधवाल्या काकू थांबल्या, थेट माझ्याखाली. “अगंबाई, मोठी चढली? आली का करामत?”

माझ्या पायांवरची आईची पकड घट्ट झाली. “येई...” तिने सुरुवात केली.

“नाही आली, काकू,” मोठी मागे न बघता म्हणाली. तिच्या टाचा हलल्या नाहीत, रेघही नाही. “आता येणारही नाही. जरा बाजूला व्हा, रंग सांडेल.”