म्यूट म्हणजे मुका

मी म्यूटचं बटण बोलतंय. हसा, हसून घ्या. उभा जन्म आवाज दाबण्यात गेला आणि आज मलाच वाचा फुटलीय.

कारखान्यात माझ्या अंगावर एक कर्णा छापला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. मग रिमोटच्या कोपऱ्यात बसवून एका निवृत्त हेडक्लार्कच्या घरी पाठवलं. साहेबांना इंग्रजीचा भारी सोस. माझा शब्द नाम कधी, विशेषण कधी, क्रियापद कधी, सगळं तोंडपाठ. वापर मात्र एकच. बायको बोलायला लागली की रिमोट तिच्यावर रोखायचा आणि म्हणायचं, "म्यूट." पाहुणे पोट धरून हसायचे.

आणि ती चक्क लाजायची.

पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "अहो, म्यूट म्हणजे काय?" साहेबांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "मुका." झालं. आता तुमच्या भाषेने न बोलणारा मुका आणि गालावरचा मुका एकाच शब्दात कोंबलाय, त्याला मी काय करू? बिचारीने गोड तेवढा अर्थ उचलला. तरुणपणी कधी जवळ बसले नाहीत, आणि आता चारचौघांत मुका मागतात! "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत ती स्वयंपाकघरात पळायची. साहेबांना वाटायचं, मात्रा लागू पडली.

मग तिच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं. "येऊन जा, तुझ्याशी बोलायचंय," असा फोन आला. ती बाहेरच्या खोलीत आली.

"अहो, ताई म्हणत होती की..."

"म्यूट."

ती थबकली. स्वारी खुशीत दिसतेय, कशाला विरजण घाला, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मला रडू येत नाही म्हणून, नाहीतर रिमोटमध्ये पाणी शिरलं असतं.

तेवढ्यात लेक माहेरी आली. आईला लाजताना पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, ते तुला गप्प बस म्हणतात गं. तो मुका नव्हे. वाचा नसलेला मुका."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला. तिने विचारलं, "पाहुण्यांना ठाऊक होतं?"

लेकीने मान खाली घातली.

त्याच दुपारी ती कुणाला न विचारता बहिणीकडे निघाली. दोन्ही बहिणी लहानपणी एका पांघरुणात झोपून मनातलं सगळं बोलायच्या. पण ही पोचली तेव्हा ताईची वाचा गेली होती. ताई नुसती तिचा हात धरून ओठ हलवत राहिली. काय सांगायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

आठवड्याने ती परतली. टीव्ही मोठ्याने चालू होता. साहेबांनी विचारलं, "काय म्हणाली ताई?"

"म्यूट," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, टीव्हीचा आवाज नको म्हणतेय. त्यांनी निमूटपणे मला दाबलं. तिचं ऐकण्यासाठी मला दाबायची ही पहिलीच वेळ. खोली शांत झाली. साहेब तिच्याकडे तोंड करून वाट बघत बसले.

ती उठून आत गेली. पडद्यावरची माणसं अजून ओठ हलवतायत. मंडळी, आता तरी कुणीतरी मला सोडा.