मधली सीट

शिलाईवाल्या मावशी आणि त्यांचे यजमान विमानाने निघाले की त्यांची युक्ती ठरलेली: एकाने खिडकी घ्यायची, दुसऱ्याने कडेची जागा. मधे कोण मरायला येतंय? मग ऐसपैस बसायचं!

यजमान गेल्यावरच्या पहिल्याच प्रवासात मावशींना नेमकी मधली सीट मिळाली. दोन्ही बाजूंना तीच युक्ती केलेलं एक म्हातारं जोडपं.

"गोळी घेतलीस का?"

"घेतली हो! किती डोकं खाल?"

सगळं मावशींच्या नाकासमोरून. शेवटी खिडकीतले आजोबा ओशाळले. "ताई, तुम्ही इकडे बसा, मी मधे येतो. आमच्या कटकटीतून तरी सुटाल."

मावशींनी पट्टा आणखी आवळला.

"नको. घरी कोणी भांडत नाही हो. चालू द्या तुमचं."