पाय धुतल्याची साक्ष

बळीराम शपथा फार घेई. देवीची, आईची, बायकोची म्हणजे गोदूची, आणि सगळ्या संपल्या की हातातल्या भाकरीची. "उद्यापास्नं ताडीला शिवलो तर तुजी शपत," हे गोदूनं इतक्यांदा ऐकलं होतं की एव्हाना ती कैकदा मरायला हवी होती. ती ठणठणीत होती आणि बळीरामची ताडीही चालू होती.

असा हा माणूस खटल्यात अडकला. पनवेलच्या खाडीकाठी एका शेटचं मिठागर होतं. खाडीचं पाणी अडवणारं त्याचं दार, म्हणजे उघाडी, एका रविवारी सकाळी ऐन भरतीला कुणीतरी फोडली. तयार मीठ विरघळून गेलं. आदल्याच दिवशी शेटनं बळीरामला कामावरून काढलं होतं आणि बळीरामनं चारचौघांत त्याला शिव्या घातल्या होत्या. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. बळीराम संन्यासी नव्हता, पण या बाबतीत चोरही नव्हता. तरी "त्या सकाळी कुठं होतास?" असं विचारलं की गडी मान खाली घाली.

खटल्याच्या आदल्या दिवशी पास्टर शांतवन भालेराव दारात आले. ते धमतरीकडे मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनमध्ये शिकून आलेले. पनवेलात त्यांचं कौलारू प्रार्थनाघर होतं आणि तिथं येणारी मोजकी कुटुंबं.

"बाई, त्या भरतीच्या वेळी बळीराम माझ्याकडे होता," ते म्हणाले. "मी त्याचे पाय धूत होतो."

पास्टरांनी समजावलं. प्रभुभोजनाच्या दिवशी त्यांच्यात एकमेकांचे पाय धुतात, बाप्ये बाप्यांचे, बाया बायांचे. त्या रविवारी जोड्या लागल्या आणि पास्टर एकटेच उरले. मंडळी घरी गेल्यावर बळीराम कौलं शाकारायला आला, तर त्यांनी त्यालाच पाटावर बसवला.

"सांगितलं का नाय?" गोदूनं नवऱ्याला विचारलं.

"लोक म्हनले असते, बळीराम बाटला."

"आन जेलात गेलाव तर काय म्हननार व्हते, काशीला गेला?"

तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पास्टर म्हणाले, "साक्ष देईन. पण शपथ घेणार नाही. आमच्यात चालत नाही. होय तर होय, नाही तर नाही."

"खोटी नाय, खरी शपत घ्याची हाय."

"शपथेवर तेवढं खरं, मग एरवी मी काय बोलतो, बाई?"

गोदूला संताप आला. हा आपला धर्म सांभाळणार आणि जेलात जाणार तिचा माणूस. जेवायचं राहिलं बाजूला, तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात कारकुनानं शपथ पुढे केली आणि पास्टरांनी हात जोडले. "क्षमा करा. मी शपथ घेत नाही."

शेटचा वकील ताडकन उठला. गोदूनं डोळे मिटून घेतले. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. "बसा, वकीलसाहेब. कायद्यात सोय आहे. ज्यांना शपथ चालत नाही त्यांनी नुसत्या प्रतिज्ञेवर सांगावं. खोटं बोलले तर शिक्षा तीच."

हे पास्टरांनाच ठाऊक नव्हतं. आता आपल्यालाच आत टाकतील म्हणून भला माणूस पिशवीत धोतर आणि बायबल घालून आला होता. ती पिशवी त्यांच्या हातातून खाली पडली आणि गोदूला रडू की हसू कळेना.

"मिठागरातल्या मजुराचे पाय धुतलेत?" वकिलानं खवचटपणे विचारलं. "मग कसे होते पाय?"

"उजव्या टाचेची भेग मिठानं चिघळली होती. आत मांस दिसत होतं. तिथं मी हळूच धुतलं."

मॅजिस्ट्रेटनी पाय बघितला. भेग अजून तशीच होती. गोदूनंही बघितला. इतकी वर्षं संसार करून तिनं ती टाच कधी निरखली नव्हती, आणि याचं तिला फार वाईट वाटलं. शेटकडे संशयापलीकडे काही नव्हतंच. बळीराम सुटला.

गोदूनं पास्टरांना वाकून नमस्कार केला. "काल पानी नाय इचारलं," ती म्हणाली. "आता जेवायलाच या."

घरी जाताना बळीरामनं गळ्याला चिमटा घेतला. "गोदू, आजपास्नं ताडी बंद. तुजी श…"

गोदूनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "शपत नको. नुसतं सांगा."

बळीरामनं तोंड उघडलं आणि मिटलं. शपथा घेताना ज्याची जीभ कधी अडखळली नाही, त्याला दोन शब्द जड झाले. तो खाडीच्या बांधावरून चालत राहिला. गोदूनं घाई केली नाही. घर आलं, तिनं कडी काढली, तेव्हा मागून अगदी बारीक आवाज आला.

"नाय पिनार."

गोदूला ते खरं वाटलं. ती आत गेली आणि त्याच्या टाचेसाठी तिनं पाणी तापत ठेवलं.