आत्याचं नाक आणि कागदी पिशव्या

बटाटे पॅक करणाऱ्या त्या शेडमध्ये आत्याच्या नाकाला भलताच मान होता. पिशवी नाकाशी धरली, की आत एखादा बटाटा सडायला लागलाय का, हे ती चटकन सांगायची. शेड तिच्या भाच्याची, पण आत्याने मान हलवल्याशिवाय माल बाहेर पडत नसे.

दोन महिन्यांपूर्वी तिला ताप आला. तो उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. चहा नुसतं गरम पाणी वाटायचा. आत्याने कुणाजवळ ब्र काढला नाही. पंचवीस वर्षांचा मान त्या नाकावरच उभा होता. शिवाय जाळीच्या पिशवीतले बटाटे चहूबाजूंनी दिसायचे, त्यामुळे डोळ्यांवर निभावून गेलं.

मग दुकानवाले कुरकुरायला लागले. जाळीतून माती सांडते, दिव्यांच्या उजेडात बटाटे हिरवे पडतात. भाच्याने दोन नमुने मागवले: भोकं पाडलेलं पारदर्शक प्लास्टिक, आणि पुढे तळहाताएवढी खिडकी असलेला जाड कागद. आत्या प्लास्टिकसाठी हट्टाला पेटली. का, ते तिचं तिलाच ठाऊक. पण प्लास्टिकला चार दिवसांत आतून घाम फुटला आणि कागद ठरला.

पहिल्या दोनशे पिशव्या भरून तीन दिवस झाले, तेव्हा भाच्याने तिला बोलावलं. तिने एकेका खिडकीला नाक लावलं. काहीच नाही. विसावी, पन्नासावी, काहीच नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी, जाऊ दे माल, असं ती म्हणाली.

गाडी भरायला लागली. आत्या भिंतीशी टेकली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कुणीतरी ही पिशवी घरी नेणार, पोरांसमोर उघडणार. तिला राहवेना. थप्पीतली एक पिशवी ओढून तिने टरकन फाडली. वरचे बटाटे खडखडीत होते. तळाच्या एकात बोट रुतलं.

तिने भाच्याला गाठून माल उतरवायला सांगितलं. तिचा हात जवळ येताच त्याने तोंड वाकडं केलं.

"आत्या, एवढी घाण तुला कळली नाही?"

"मला वासच येत नाही रे. दोन महिने झाले."

आता हा ओरडणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. तो ओरडला नाही. त्याचा चेहराच उतरला.

"घरी गॅस कोण लावतं? तू एकटीच ना?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी दूध तापवलं होतं. बटण बंद केलं का, आठवेना.

पिशव्या उघडायला सांगून भाच्याने स्कूटर काढली. आत्याच्या घरी बटण बंद होतं. तरी त्याने खिडक्या उघडल्या, वाकून नळी हुंगली आणि आजपासून जेवण आमच्याकडे, म्हणून बजावलं. आत्या पाटावर बसली.

एकोणीस पिशव्या खराब निघाल्या. उरलेला माल दुकानवाल्यांनी दुसऱ्या दिवशी नाक मुरडत घेतला. आता पिशव्या भाचेसून हुंगते. भरण्याआधी आत्या प्रत्येक बटाटा दाबून बघते आणि कुणी घाई केली, तर हाताची घडी घालून बसते.