ताईंचा पाय

बापू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी त्याच संध्याकाळी उघडलं. तेव्हापासून घरात किती वाजले ते कुणाला कळत नाही, पण घड्याळाची मोटर कुंडीतलं रोप इमानेइतबारे उन्हाकडे फिरवते. कपाटाच्या खालच्या दोन खणांत लोकांनी टाकून दिलेले कीबोर्ड, माऊस आणि वायरींचे गुंते. बायको त्याला अनाथाश्रम म्हणते.

ही बायको, म्हणजे ताई, तीस वर्षं एका हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत आली होती. गेल्या वर्षापासून डोळ्यांनी असहकार पुकारला. स्वरलिपीची अक्षरं पावट्याएवढी केली तरच दिसायची, आणि मग एका पानात चार ओळी मावायच्या. अकरा पानांची नवी रचना चाळीस पानांची झाली. दोन्ही हात व्हायोलिनवर, पानं उलटणार कोण? सरावात त्या तीनदा थांबल्या. वाद्यवृंदाचे मास्तर गोड आवाजात म्हणाले, "ताई, रविवारी न थांबता वाजवून दाखवा. नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला श्रोत्यांत बसा. तिथंही चांगल्या माणसांची गरज असते."

घरी आल्यावर त्यांनी व्हायोलिनची पेटी नेहमीच्या जागी न ठेवता माळ्यावर ठेवली. बापूंनी ती खाली काढली आणि अनाथाश्रम उघडला.

जुन्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांची पानं चढवली. एका माऊसचं पोट फाडून त्याचं बटण लाकडी फळीखाली बसवलं. फळी पायाने दाबली की पुढचं पान.

"वाजव आता बिनधास्त," बापू म्हणाले.

ताईंनी तारांवर गज ठेवला मात्र, पानं सुसाट सुटली. दुसरी ओळ संपायच्या आत रचना संपली.

"अहो, हे काय? आगगाडी पकडायची आहे का?"

"तू पाय आपटतेस!"

"ताल धरते. तीस वर्षं धरते."

"मग धरू नकोस."

"तुम्ही बोलताना हात हलवता. ते थांबवा, मग माझ्या पायाचं बघू."

डावा पाय झाला, उजवा झाला. फळी गुडघ्याला बांधली, तर गुडघाही तालात निघाला. बापूंनी अर्धा दिवस विचार केला. हा पाय थांबत नाही, हीच तक्रार ना? मग थांबवायचा कशाला? त्यांनी माऊस आणि लॅपटॉप यांच्यामध्ये काडेपेटीएवढा एक सर्किट बोर्ड बसवला. तो नुसता मोजायचा. बत्तीस ठोके पडले की एक पान. ताईंनी प्रत्येक पान मोजून बत्तीस ठोक्यांचं करून घेतलं, जिथं वाजवायचं नाही तिथलेही ठोके धरून.

रविवारी मास्तरांनी फळीकडे असं पाहिलं की जणू कुणी पादत्राणांसकट व्यासपीठावर चढलंय. मागच्या बाकावर बापू लॅपटॉपची विजेची वायर धरून बसले. त्यांचे हात, न बोलताही, हलत होते.

सव्वीस पानं सुरळीत गेली. सत्ताविसाव्यावर एक संथ जागा होती. मास्तरांचा तिच्यावर जीव. त्यांनी डोळे मिटले, छडी हवेत तरंगत ठेवली आणि दोन ठोके तिथंच विसरले. अर्धा वाद्यवृंद छडीकडे बघून थबकला, उरलेला पुढे गेला. बासरी एकीकडे, ढोल दुसरीकडे. बापूंनी वायर घट्ट धरली. आता बोर्ड काय मोजणार?

पण पाय पडतच होता. पान वेळेवर उलटलं आणि व्हायोलिन एकटंच शांतपणे पुढच्या ओळीवर गेलं. आधी बासरी त्याला येऊन मिळाली, मग ढोल, सगळ्यात शेवटी मास्तर. चाळिसावं पान सगळ्यांनी एकत्र गाठलं.

मास्तरांनी घाम पुसला. "ताई, सत्ताविसाव्यावर तुमचं यंत्र घाई करतं."

"दोन ठोक्यांची, मास्तर," ताई नम्रपणे म्हणाल्या.

कुणीतरी खोकलं. मास्तरांनी छडी बाजूला ठेवली. मग खाली उतरून त्यांनी स्वतः ताईंची खुर्ची, फळीसकट, उचलून अगदी आपल्यासमोर पहिल्या रांगेत ठेवली.

"इथं बसा. तिथून मला तुमचा..." ते अडखळले, "तुमचा आवाज नीट येत नाही."

खुर्ची ठेवल्यावर ते परत आपल्या जागी जाऊन उभे राहिले, तिथून वाकून पाहिलं, आणि खाली येऊन फळी वीतभर उजवीकडे सरकवली. आता ती त्यांना स्पष्ट दिसत होती.

बापूंना वायर दोन हात लांब करावी लागली.