काळुरामच्या खांद्याचं हाड

"पंढरी, थांब. ते मडक्यात टाकू नको," धोंडीबा म्हणाला.

काळुरामला जाळून तिसरा दिवस होता. कोपरीच्या खाडीकाठी त्याचा धाकटा भाऊ पंढरी राख सावडत होता. सापडलेलं हाड परातीतल्या पाण्यात बुडवायचं आणि मडक्यात ठेवायचं. मिठागरावर कावडी वाहणारी टोळी जरा लांब उभी होती. सावडायला ती आली होती, पण तिरडीला तिने खांदा दिला नव्हता.

टोळीचा रिवाजच तसा होता. कावडवाला मेला की त्याला टोळीने न्यायचं, आणि ज्या खांद्यावर रोज मीठ वाहायचं त्याच खांद्यावरून. भर हंगामात कावड टाकून जाणाऱ्याला मात्र हा मान नाही. काळुरामने ऐन चैत्रात कावड टाकली होती. खाडीत लागलेल्या होड्या, मिठाचे पडाव, भरायचे होते, आणि हा म्हणाला, उजवा हात वर होत नाही. टोळीचा मुकादम धोंडीबा, त्याने आधी विश्वास ठेवला. मग एके दिवशी त्याने काळुरामला घराच्या आढ्याला दोर बांधताना पाहिलं. उजवा हात सरळ डोक्याच्या वर होता. त्या दिवसापासून काळुराम गावात कामचोर ठरला. बायको ठमाबाई मिठाच्या टोपल्या वाहू लागली, तो घरी भाकऱ्या थापू लागला, आणि लोकांना हसायला घर मिळालं.

धोंडीबाने ते हाड हातात घेतलं. त्याने बापाला सावडलं होतं, भावांना सावडलं होतं. खांद्याच्या माथ्यावरचं हाड त्याला ओळखता येत होतं. ते कौलासारखं चपटं असतं. ह्याचं टोक खाली वळलं होतं, माशाच्या गळासारखं, आणि आतून घासून गुळगुळीत झालं होतं.

"जलताना वाकलं असंल," टोळीतला नाथा म्हणाला.

"जलून हाड तडकतं. गुलगुलीत व्हत नाय."

धोंडीबाने राखेत बोटं घालून डाव्या खांद्याचा तुकडा शोधला. तो चपटा होता. मग त्याने उजव्या हाडाच्या त्या गळाखाली अंगठा धरला, जणू तो काळुरामचा हात, आणि हळूहळू वर वळवला. अर्ध्यावर अंगठा अडला.

"मी त्याचा हात वर गेलेला पाह्यला व्हता," तो म्हणाला. "या डोल्यांनी."

बाजूला बसलेल्या ठमाबाईने मान वर केली.

"पाह्यला असाल. डाव्या हातानं उजवा उचलून वर ठेवायचा तो. मधीच अडायचा. एकदा वर गेला का मंग दुखत नसं. खाली आनताना परत दात आवलायचा."

"तवा का नाय बोलली?"

"बोलले व्हते. तुमीच म्हनलाव, ठमे, नवऱ्यानं चांगलं पढवून धाडलंय."

नाथा त्या वेळी मोठ्याने हसला होता. आता तो खाडीकडे बघू लागला. धोंडीबाच्या हातातलं हाड परातीत पडलं, आणि उचलायला तो वाकला नाही.

"दादाला मी पन कामचोर म्हनलो," पंढरी म्हणाला. त्यानेच ते हाड उचलून मडक्यात ठेवलं.

सावडून झाल्यावर धोंडीबा म्हणाला, "नाथा, कावड आन. पान्यापरत टोली नेईल त्याला."

ठमाबाईने मडकं उचलून कमरेवर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या. आता हलका झालाय तो. मना झेपंल."

ती चालू लागली. ओहोटी होती. चिखल तुडवत ती गुडघाभर पाण्यात गेली, मागे पंढरी आणि त्याच्या मागे टोळी. तिने मडकं पाण्यात तिरकं केलं, हाडं पाण्यात गेली, आणि मडकं भरून बुडालं.

आता सगळ्यांनी हात जोडायचे होते. ठमाबाईने जोडले. मागे वळून तिने पाहिलं, तर नाथाचा डावा हात त्याच्या उजव्या खांद्यावर होता. अंगठ्याने तो आतलं हाड चाचपत होता. पंढरीही तेच करत होता. धोंडीबा सगळ्यांच्या मागे उभा होता. अंगापासून सरळ बाजूला धरलेला उजवा हात तो अगदी सावकाश वर नेत होता, कुठे अडतो ते बघत.